दहा मोजायच्या आत

नाचणगावला खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी आमचं नाव विचारलं नाही, घरात माणसं किती हेही विचारलं नाही. आमचे हे एवढंच म्हणाले की आम्ही कोकणातले, समुद्राकाठचे, पुलगावच्या गिरणीत फिटरची नोकरी लागली म्हणून आलोय. तसे ते म्हातारे गृहस्थ बाजेवरून उठले आणि ह्यांना ओलांडून थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सांग बाई, सकाळी समुद्रात पाय टाकला का पानी गरम लागते का थंडं?"

लग्नाला चार महिने झाले होते. वर्धा जिल्हा नेमका कुठे हे मी गाडीत बसल्यावर विचारलं होतं. मला वाटलं ही काहीतरी परीक्षा आहे, उत्तर चुकलं तर खोली जाईल. मी म्हटलं, "थंडीच्या दिवसांत कोमट लागतं, वैशाखात गार लागतं. पण पाणी फारसं बदलत नाही. आपला पायच बदललेला असतो."

ते आत तोंड करून म्हणाले, "बाई, चाबी दे याईले."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. फार लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेली, घर तीच चालवायची. मी तिला आत्याबाई म्हणायला लागले आणि त्यांना काकाजी. अख्खं गाव त्यांना काकाजीच म्हणायचं, पण पाठीमागे 'मिठाचे काकाजी'. त्याचं कारण अंगणात होतं.

अंगणात, विहिरीपासून दहा पावलांवर, सिमेंटचा हौद होता. दीड पुरुष खोल, वर जाड जाळी. आणि त्यातलं पाणी खारं. काकाजींनी पोत्यांनी मीठ आणून त्यात ओतलं होतं. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी बायका विहिरीवर रांग धरतात, तिथे चांगल्या पाण्यात मीठ घालणारा माणूस म्हणजे लोकांना कोड्यासारखा. शेतावर वर्षाच्या बोलीने नव्याने आलेली सालदारीण एकदा म्हशीला तिथे पाणी पाजायला घेऊन आली आणि म्हशीने तोंड फिरवलं, तेव्हापासून ती त्या घरावरून जाताना पदर नाकाला लावायची. आत्याबाई म्हणायची, "माह्या भावाले मेल्यावर जाळू नका, याच हौदात टाका. लोणच्यावानी मुरून राहीन."

मी दुसऱ्याच दिवशी कुणी बघत नाही असं पाहून त्यात बोट बुडवलं आणि चाटलं. घरची फार आठवण येत होती, दुसरं काही नाही. मागून काकाजींचा आवाज आला, कसं लागते म्हणून. मी दचकले. पण खोटं सुचेना. म्हटलं, "हे समुद्राचं नाही. पावसाळ्यातल्या खाडीचं आहे." ते रागावले नाहीत. त्याच आठवड्यात बैलगाडीतून आणखी दोन पोती मीठ आलं आणि मला चार दिवस सकाळ-संध्याकाळ चव बघावी लागली. पाचव्या दिवशी मी म्हटलं, हं, आता आलं. त्यांनी वहीत लिहिलं: 'चव घेऊन ठरवले.' आणि पुढे माझं नाव. माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर प्रथमच कुठल्या कागदावर कुणी आदराने लिहिलं होतं.

शाळा म्हणजे माझी सातवीपर्यंत. आठवीची शाळा खाडीपलीकडे होती, आई आजारी पडली, धाकटी भावंडं माझ्या काखेत आली, संपलं. मला वाचता यायचं, पण चार माणसांत वाचायची वेळ आली की अक्षरं हलायची. आणि मी मुळातच घाबरट. वडील आणि भाऊ होडी घेऊन जायचे, त्यांची वाट बघण्यातच माझं लहानपण गेलं. वाट बघायची सवय लागली की माणूस संकट यायच्या आधीच त्याची तयारी करून बसतो. नाचणगावला तर समुद्रही दिसत नव्हता. दिसत नसला की जास्त भीती.

काकाजी हवामान खात्यात निरीक्षक होते. वेगवेगळ्या गावांच्या वेधशाळांतून त्यांनी नोकरी काढली, पाऊस मोजला, वारा मोजला. तरुणपणी एकदाच त्यांना संशोधनाच्या जहाजावर चार महिने पाठवलं होतं, समुद्रात थर्मामीटर सोडायला. ते चार महिने त्यांच्या आयुष्यात मावले नाहीत. मी एकदा घरून आलेले सुके बांगडे भाजले तेव्हा माळकरी आत्याबाई नाकाला पदर लावून मळ्यात निघून गेली, आणि काकाजी माझ्या दारातल्या पायरीवर येऊन डोळे मिटून बसले. खायचं का विचारलं तर नको म्हणाले. "खात नाई मी. त्या जहाजावर असाच वास होता." बांगडा भाजून होईपर्यंत बसले आणि उठून गेले.

निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी शेत रोहणा गावच्या भाच्याला दिलं आणि आपण हौद बांधला. रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, हौदाचं तापमान तीन ठिकाणी घ्यायचं: वरचं, मधलं आणि तळाचं. दोरीला पितळी पेला बांधलेला, पेल्यात थर्मामीटर. पेला हव्या त्या खोलीवर सोडायचा, थोडं थांबायचं, वर काढायचा आणि पेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर बुडालेला असतानाच आकडा वाचायचा. त्याला त्यांचा नियम होता. पेला बाहेर आल्यावर दहा मोजायच्या आत वाचायचं. त्याहून उशीर झाला तर बाहेरची हवा पेल्यातल्या पाण्यात शिरते आणि आपण हौद सोडून अंगण मोजतो.

हौद बांधल्यापासून अकरा वर्षांत त्यांनी कुठे मुक्काम केला नव्हता. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना बसच्या वेळेकडे बघून उठले, ते रोहणेकर अजून सांगत. त्यांच्यासमोर कुणी 'आज लई गरम होऊन राह्यलं' म्हटलं की ते विचारत, किती? समोरचा गोंधळला की म्हणत, "अंदाज सांगू नको. आकडा सांग." शेजारीपाजारी त्यांना रामराम करताना ऋतूचा विषय टाळायचे.

हे सगळं कशासाठी, ते मला कळायला वर्ष गेलं. जहाजावर त्यांच्याबरोबर एक तरुण शास्त्रज्ञ होता. तो आता दूर गुजरातेत एका कचेरीत होता, जिथे उपग्रहांचे आकडे येत. तो अधूनमधून खाकी पाकिटातून इंग्रजी कागद पाठवायचा. काकाजी ओट्यावर बसून ते मोठ्याने मराठीत सांगायचे. ऐकायला मी आणि आत्याबाई. मी तांदूळ निवडत, आत्याबाई वाती वळत.

ते सांगायचे की वरून फिरणारे उपग्रह तीन गोष्टी मोजतात. सूर्याचं ऊन किती आलं, त्यातलं किती ढगांवरून, जमिनीवरून तसंच परत गेलं, आणि पृथ्वीच्या अंगातून किती ऊब बाहेर पडली. ही ऊब डोळ्यांना दिसत नाही, पण झोपलेल्या लेकराजवळ हात नेला की न शिवताही लागते तशी ती वरच्या यंत्राला लागते. आलं तेवढं गेलं तर ठीक. पण जगभरच्या धुराने पृथ्वीवर गोधडी चढते आहे, तेव्हा कमी जात असणार. मग उरलेलं कुठे राहतं?

"पुलगावचा बाजार पाह्यला न तू?" त्यांनी मला विचारलं. "समज, तू वेशीवर बसली. दिवसभर येनारे मोजले, जानारे मोजले. हजारो मानसं. त्यातले दोन-चार गावात मुक्कामाले राह्यले. तुह्या मोजन्यात पाच-दहाची चूक झाली तं तुले समजन का, कोनी राह्यलं का नाई?"

नाही समजणार, मी म्हटलं.

"मंग काय करशीन?"

मी थोडा वेळ तांदळातला खडा शोधल्यासारखं केलं. मग म्हटलं, "धर्मशाळेत जाऊन बघेन."

काकाजींनी कागद खाली ठेवला. "बाई, ऐकलं का? हिनं धर्मशाळा म्हटलं." आत्याबाईने वात वळता वळता म्हटलं, "ऐकलं. तुमाले बी तिथंच ठेवाले पाह्यजे."

धर्मशाळा म्हणजे समुद्र. राहिलेली ऊब बहुतेक तिथे मुक्कामाला जाते. उपग्रहाला समुद्राची फक्त कातडी दिसते, पोट दिसत नाही, ते म्हणायचे. पोटात थर्मामीटर सोडावाच लागतो आणि समुद्र एवढा मोठा की सोडणारी जहाजं म्हणजे शेतात चार मुंग्या. म्हणून ते आपल्या हौदात आधी हे सगळं जुळतं का बघत होते. छपरावरच्या यंत्रावर ऊन मोजायचं, रात्री हौदातून किती ऊब जाईल ते काढायचं, आणि राहिलेली ऊब पाण्यात सापडते का ते पेल्याने बघायचं.

मी एकदा विचारलं, समुद्र तापला तर होड्यांचं काय? त्यांनी मला फसवलं नाही. म्हणाले की पूर्ण कुणालाच माहीत नाही, पण वादळाला बळ गरम पाण्यातूनच मिळतं आणि मासे गार पाणी शोधत खोल जातात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आत्याबाई त्यांच्यावर करवादली, की पोरीचा बाप तिकडे पाण्यात असते अन् तुमी तिले हे सांगता. ते म्हणाले, "खोटं सांगू का मंग?"

एका थंडीत त्यांनी वाचून दाखवलेला एक कागद माझ्या चांगला लक्षात आहे. एक उपग्रह म्हातारा होऊन बंद पडला, त्याच्या जागी दुसरा गेला, आणि आकड्याने एकदम उडी घेतली. आता पृथ्वी बदलली की बघणारा डोळा बदलला, हे सांगायला कुणी नाही. काकाजी मांडी थोपटून हसले. "येवढे शिकलेले लोक. जुना मिटाच्या आधी नवा उघडाले पाह्यजे, एवढं बी समजत नाई? दोघाईले चार महिने सोबत पाहू द्याव, एकाच जाग्याचं. मंग समजते कोन किती चुकते." मीही हसले. आम्हाला काय ठाऊक, तो कागद आमच्याच घरचा होता.

त्याच दिवाळीपासून त्यांचे डोळे जात होते. लांबून मला आत्याबाई समजत. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणत आणि तेही वहीत लिहून ठेवत. मोतीबिंदू आहे हे सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाच दिसत नव्हतं. आत्याबाईने केळझरच्या गणपतीला नवस बोलला. आणि मी आणखी एक बघत होते. माझी चूल दाराशी, तिथून हौद समोर. पूर्वी काकाजी पेला काढून तिथेच सावलीत वाचत. आता ते पेला घेऊन अंगणाच्या मधोमध उन्हात जात, थर्मामीटर डोळ्याला लावत, फिरवत, पुन्हा लावत. मग लिहीत. मी काही बोलले नाही. मी बोलणारी कोण?

माघात त्यांच्या शास्त्रज्ञ मित्राचं पत्र आलं. तो कॉलेजच्या मुलांसाठी उपग्रहाच्या मोजणीवर छोटं पुस्तक लिहीत होता आणि त्याला पहिलं प्रकरण नाचणगावच्या हौदापासून सुरू करायचं होतं. या आषाढापर्यंतच्या सबंध वर्षाचे स्वच्छ आकडे पाठवा, उपग्रहाच्या त्याच वर्षाच्या आकड्यांशेजारी मांडायला. काकाजींनी ते पत्र पोस्टमनला दाखवलं, किराणावाल्याला दाखवलं, पदर नाकाला लावणाऱ्या त्या सालदारणीलाही दाखवलं. सदऱ्याच्या खिशात ठेवून ठेवून ते घड्यांवर फाटलं. अकरा वर्षं लोक हसले होते. आता एक आषाढ गाठायचा होता.

आणि चैत्रात सेवाग्रामच्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख आली. ते जायला तयार नव्हते. आकडे कोण घेईल? आत्याबाई म्हणाली, हौदाले फुटू द्या, डोये पाहा. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, मला नाही येणार, मी सातवी पास आहे.

"सातवीत दशांश असते का नाई?"

असतो, मी म्हटलं.

"मंग झालं तं."

शिकवायला दोनच दिवस मिळाले, त्यातही त्यांनी पेला माझ्याच हातात दिला आणि आपण बाजेवर बसून बोलत राहिले. दहा मोजायच्या आत. सावलीत. डोळा पाऱ्याच्या बरोबरीला. "अन् चुकलं तं कोरं ठेवजो. कोरं म्हनजे खोटं नाई." एवढं बजावून ते भाच्याबरोबर बसमध्ये चढले.

पुढचे दोन महिने माझी नजर घड्याळावर होती. दवाखान्यातून ते दहा दिवसांनी आले, पण डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, वाचायचं नाही, जाड चष्मा दीड महिन्याने. तोवर आकडे माझेच. सव्वाआठपासून मी चुलीकडे जायची नाही. ह्यांचा डबा तसाच राहायचा. पेला काढला की एक, दोन, तीन, आणि सहा-सातला आकडा मिळायचा, कारण माझे डोळे चांगले होते. लिहिलेला आकडा मी पुन्हा तीनदा वाचायची, अक्षरं हलली तर नाहीत ना म्हणून.

वैशाखात एके सकाळी शेजारच्या रेडिओवर अरबी समुद्रातल्या वादळाची बातमी आली. होड्या परतल्या नाहीत असं काहीतरी कानावर पडलं, गावाचं नाव ऐकू आलं नाही. मी शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसले ती पुढच्या बातमीची वाट बघत बसूनच राहिले. भानावर आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. साडेआठ कधीच होऊन गेले होते.

घरी येऊन मी वही उघडली. कोरं ठेवायचं ठाऊक होतं. पण मला आषाढ दिसत होता, घडीवर फाटलेलं पत्र दिसत होतं. एका सबंध स्वच्छ वर्षात माझ्यामुळे भोक. मी कालचा आकडा बघितला, परवाचा बघितला आणि त्यांच्या मधले तीन आकडे लिहून टाकले. एकदाही थांबले नाही, याचंच मला नंतर वाईट वाटलं.

वडील सुखरूप असल्याचं कार्ड आठ दिवसांनी आलं. मी ते घेऊन रडले. पण भीती गेली नाही, तिने फक्त कारण बदललं.

चष्मा आला त्या दिवशी काकाजींनी वही मांडीवर घेतली आणि दिवसभर उठले नाहीत. छपरावरच्या यंत्राचे आकडे भाचा लिहीत होता, ते ठीक होते. हौदाचे ठीक नव्हते. चैत्रात, मी मोजायला लागले त्या दिवसापासून, हौद एकाएकी थंड झाला होता. चैत्रात, जेव्हा इथे दगड तापतात. ऊन तेवढंच आलेलं, आणि ऊब गायब.

मग त्यांनी ऊब शोधायला सुरुवात केली. हौदाला तडा आहे का म्हणून भिंत ठोकून पाहिली. कडुनिंबाची सावली वाढली का म्हणून फांद्या मोजल्या. थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून तपासला. जेवण अर्धं सोडून उठायचे. रोज सकाळी मला विचारायचे, बाई, तू बराबर वाचलं न? मी हो म्हणायची. आषाढ पंधरा दिवसांवर आला. आत्याबाई मला म्हणाली की डोये गेले तेव्हा बी हा असा झाला नव्हता. मला तर खात्रीच होती की माझा तो एक खोटा आकडा कुठेतरी पाण्यात विरघळून सगळं नासवतो आहे, मिठासारखा. आणि हे कळलं की आम्हाला ही खोली सोडावी लागेल, आणि त्यांना आयुष्यभर वाटेल की सातवी पास बाईवर विश्वास टाकला तिथेच चुकलं.

एका सकाळी ते जाळी काढून हौदात उतरायला निघाले. नवीन डोळा, दीड पुरुष पाणी. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. तोवर मी कधी त्यांना शिवले नव्हते.

"काकाजी, उतरू नका. मी एक दिवस खोटं लिहिलं."

मी सगळं सांगितलं. रेडिओ, होड्या, मधले आकडे. ते तिथेच हौदाच्या कडेवर बसले. कोणता दिवस, त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. ती मला झोपेतही आठवायची.

"एका दिसानं दोन महिने थंडे होत नाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, विचार होता. "बाकीचे कसे वाचले? दाखव मले."

मी पेला सोडला, काढला, सावलीत धरला. मोठ्याने मोजलं. सहाला आकडा सांगितला. त्यांनी जाड चष्म्यातून बघितलं, मान हलवली. बरोबर होता.

मग त्यांनी मला विचारलं, "अन् मी कसा वाचत होतो?"

आत्याबाई दारात आली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली, म्हणजे तिलाही दिसत होतं. एवढा वेळ मी माझ्या चुकीला घाबरत होते. आता कळलं की खरी भीती ही होती, त्यांची त्यांना सांगायची. अकरा वर्षं रोज मोजणाऱ्या माणसाला, चार शब्दांत.

"तुम्ही पेला उन्हात न्यायचात," मी म्हटलं. "दिवाळीपासून."

"किती मोजस्तोवर?"

"मी मोजलं नाही. पण माझी अर्धी भाकरी थापून व्हायची."

त्यांनी पेला पुन्हा सोडला, काढला, सावलीत वाचला. मग तोच पेला घेऊन अंगणाच्या मधोमध उन्हात जाऊन उभे राहिले. ओठ हलत होते, मोजत होते. चाळीसला वाचला. पारा चढला होता. दोन आकड्यांमधला फरक त्यांनी बोटांवर केला, वहीतल्या उडीशी ताडला आणि हसायला लागले. आधी मोठ्याने.

"हौद बराबर होता," ते म्हणाले. "हौद बराबर होता, बाई. माह्या डोयानं ऊन पेल्यात घातलं."

मग पेला हातात धरून ते तसेच उन्हात उभे राहिले, कितीतरी वेळ, आणि शेवटी आत्याबाईने जाऊन त्यांना हाताला धरून सावलीत आणलं.

दुपारी त्यांनी लाल पेन्सिल मागितली. माझ्या त्या एका दिवसावर बारीक रेघ ओढली. मग पानं मागे उलटत दिवाळीपर्यंत गेले आणि आपल्या स्वतःच्या आकड्यांवर, एकेका दिवसावर, तेवढीच बारीक रेघ ओढत आले. घाई नाही, अंदाजाचं ठिगळ नाही. मी म्हटलं, सगळेच कशाला, थोडे तर बरोबर असतील. ते म्हणाले, "कोनते?"

गुजरातला पत्र गेलं ते मीच टाकलं. आकडे पुस्तकासाठी लायक नाहीत, कारण दोन डोळ्यांनी एकत्र पाहिलं नाही. आषाढ आला आणि गेला.

पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पेल्याशी बसायला लागलो होतो. आधी त्यांनी पेला काढून वाचायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा, मग तोच पेला पुन्हा सोडून मी. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. चाळीस दिवस. ज्या दिवशी चिठ्ठ्या जुळायच्या त्या दिवशी ते मला चहा करायला सांगायचे, न जुळल्या तर स्वतः करायचे. चहाच्या चवीवरून आत्याबाईला निकाल कळायचा.

पुस्तक वर्षभराने टपालाने आलं. त्यात हौद नव्हता. काकाजींनी ते शेवटच्या पानापर्यंत आम्हाला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं की वेगवेगळ्या उपग्रहांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पृथ्वीत किती ऊब मुक्कामाला राहते हे अजून वरून नेमकं सांगता येत नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. "त्याईचा बी मोतीबिंदूच हाय," ते म्हणाले. खूप दिवसांनी आत्याबाई मनापासून हसली.

गिरणीतलं काम कमी झालं, ह्यांना घराजवळ नोकरी मिळाली आणि आम्ही निघायचं ठरवलं. मला वाटलं काकाजी वाईट वाटून घेतील. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस आहेत? मी म्हटलं, महिना. तेव्हा त्यांनी आत्याबाईला बोलावलं. सत्तरी ओलांडलेली बाई, अक्षरओळखीपुरती शिकलेली, त्या हौदाला पहिल्या दिवसापासून शिव्या घातलेली. तिला पेल्याशी बसवलं. महिनाभर तीन चिठ्ठ्या. पहिल्या आठवड्यात तिचे आकडे कुठल्या कुठे जायचे आणि ती पेल्यालाच शिव्या द्यायची. शेवटच्या चार दिवसांत तिन्ही चिठ्ठ्या जुळल्या. निघताना काकाजींनी मला दुसरा पितळी पेला आणि थर्मामीटर दिला. पाया पडले तर म्हणाले, "आता खरं पानी मोजजो."

पुढे आत्याबाईची कार्डं यायची. वाकड्या अक्षरात तीन आकडे, खाली 'खुशाल'. एवढंच. एका कार्डावर तीन आकड्यांखाली लिहिलं होतं: 'तुझे काकाजी गेले. साडेआठचं पाहून मगच बाहेर नेलं.'

मी घरी आल्यावर पहिल्याच सकाळी धक्क्यावरून पेला सोडला होता. वडील जाळं सुकवत होते. त्यांनी विचारलं, "तापलां काय गो पाणी?"

"माका ठाऊक नाय," मी म्हटलं. "आजच तर सुरुवात केलंय."

तेव्हापासून किती वह्या झाल्या. तापलं का, ते आता माझ्या वह्यांत आहे, आणि ते वाचून मला अजूनही जेवण जात नाही. पण गेल्या दिवाळीपासून मला दिव्याभोवती कडं दिसतं. पहिल्यांदा दिसलं त्याच दिवशी मी सुनेला हाक मारली. आता रोज आम्ही दोघी धक्क्यावर बसतो. आधी मी, मग ती. दोन चिठ्ठ्या, एकमेकींना न दाखवता.

काल त्या पहिल्यांदा जुळल्या नाहीत. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले, तिचा आणि माझा. मग लाल पेन्सिल तिच्या हातात दिली आणि चहा करायला उठले.